थंड होण्याचं कोष्टक

नेहेतेसाहेब दिवसा पार्सल ऑफिसात बिल्ट्या फाडायचे
आणि रात्री माणसं मारायचे.
महिना पाच रुपये वर्गणीच्या वाचनालयात
त्यांची पुस्तकं पुठ्ठे निघेस्तोवर फिरायची.

पहिली अकरा त्यांनी थंड हवेच्या गावांत लिहिली.
मढं बंगल्यात, बाहेर धुकं,
डॉक्टर थर्मामीटर काढायचा, कोष्टक बघायचा
आणि सांगायचा : रात्री सव्वादोन.

मी सुपडू. अमळनेरकडचा.
दवाखान्यामागची पत्र्याची खोली माझ्याकडे.
कागदावर सफाई कामगार.
चिरणं, शिवणं, बरणीत मिठाचं पाणी भरणं,
तोंडाला लाख लावणं
हे कागदावर नाही.

ते पहिल्यांदा आले ते मे महिन्यात,
बगलेत जाडजूड इंग्रजी पुस्तक.
म्हणाले, तासाला दीड अंश या हिशेबानं शरीर थंड होतं.
मी म्हटलं, हात लावून बघा.
आउटरला सापडलेला माणूस, आदल्या रात्रीचा,
बाहेर शेहेचाळीस डिग्री, वर पत्रा.
त्यांनी पालथा हात ठेवला,
पोराच्या कपाळाला ठेवतात तसा,
आणि झटकन मागे घेतला.
भुसावळमा मढालेबी ताप येस, साहेब,
मी सांगितलं.

बाराव्या पुस्तकापासून मढी गावात आली.
जिनिंगच्या गठाणीत, केळीच्या वॅगनमध्ये पानांखाली,
तापीच्या वाळूत, जिथे कुत्री आधी पोचतात.
चहाच्या टपरीवर ते विचारत राहायचे.
माशी कधी बसते, अळी कधी वळवळते.
मला तारखा येत नाहीत, मी बाजारावर मोजतो :
रविवारच्या बाजाराला मेला
तर बुधवारी असा दिसतो.
ते बिल्टीच्या पाठीवर लिहून घ्यायचे.

चाळीस पुस्तकं झाली. माझं नाव एकातही नाही.
त्यांचा डॉक्टर स्वतः चिरतो.
आमचा दारात उभा राहायचा, नाकाला रुमाल,
मी सांगेन ते लिहायचा.
कधी न सांगितलेलंही.

मग ती सून आली. तेवीस वर्षांची.
स्टोव्हचा भडका, सोबतचे म्हणाले.
सोबतच्यांच्या हाताला एक फोड नव्हता.
संध्याकाळी टपरीवर मी साहेबांना म्हटलं,
जिता माणूस जळताना धूर ओढतो.
ते म्हणाले, हो, घशात काजळी सापडते.
मी म्हटलं, नाही सापडली.

पेन खिशातच राहिलं त्यांचं.
चहावर साय आली.
'डॉक्टरांनी काय लिहिलं?'
मी काय सांगणार.
तुम्ही लिहा, म्हटलं, तुमचं लोक वाचतात.

एक्केचाळिसावं लिहायला त्यांना तीन वर्षं लागली.
प्रकाशकाने परत पाठवलं :
शेवटच्या पानावर बेड्या पाहिजेत,
वाचक त्याचेच पैसे देतो.
साहेबांनी फंडातून रक्कम काढली,
दोनशे प्रती छापल्या
आणि शेवटचं पान कोरं ठेवलं.
त्यानंतर लिहिलं नाही.
डोळ्यांचं निमित्त सांगायचे,
पण फलाटावरून येणाऱ्या गाडीचा नंबर
सगळ्यात आधी तेच वाचायचे.

यंदा वाचनालय मोडलं. रद्दीवाल्याकडे
किलोच्या भावात ते पुस्तक मिळालं.
शेवटचं पान कोरं नव्हतं.
शाईने, बॉलपेनने, एकाने नुसत्या नखाने ओरखडून,
आठ वेगवेगळी अक्षरं
आणि नाव एकच.

ते नाव मी इथे सांगत नाही.
घर अजून तिथेच आहे,
दर दिवाळीला नवा रंग देतात.

खाली बोटभर जागा उरली होती.
मी तिसरी पास. शिसपेन्सिल थुंकीने ओली केली,
वेळ लागला, काना एकदा चुकला,
पण लिहिलं :

नळी साफ व्हती.